एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर सावली

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळी आठ चाळीस ते दहा पंचवीस. रक्कम एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. हजर: बालवाडीच्या मोठ्या गटातली सव्वीस मुलं, त्यांच्या सुनंदाताई आणि मी. घेणेकरी ईश्वरी, वय पाच वर्षं दोन महिने. देणेकरी मी, वय एक्कावन्न.

पैशाचा यात काही संबंध नाही. देणं होतं ते सावलीचं. मी ईश्वरीची सावली एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर कमी धरली, ती तशीच भिंतीवर लावली, आणि त्यापायी ती पोर शाळा सोडून गावाकडे निघाली होती. या अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या कामातला एखादा यशस्वी प्रयोग लिहा’ असं कळवलं आहे. यशस्वी प्रयोग सुनंदाताईंकडे पुष्कळ आहेत. माझ्याकडे हा आहे.

मी मूळचा बालवाडीतला माणूस नाही. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर आणि हिशेब सांभाळण्यात एकोणीस वर्षं काढली. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी गेलो नाही. मग सिडकोतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या या बालवाडीत फीच्या पावत्या आणि रजिस्टरं लिहायला क्लार्क म्हणून लागलो. वर्षभरात एक ताई बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई मला म्हणाल्या, “आठ-दहा दिवस वर्गात नुसते बसा.” त्याला सात वर्षं झाली. मध्ये मी रीतसर कोर्स केला, चाळीस-पंचेचाळीस बायकांत एकटा बसून कागदाचे मोर केले, परीक्षा पास झालो. पण ‘नुसते बसा’ ही मूळ सूचना मला आजवर नीट पाळता आलेली नाही.

आमच्याकडे शिकवणाऱ्या सगळ्यांना मुलं ताई म्हणतात. पहिली दोन वर्षं मलाही ताईच म्हणायची. मी मिशा ठेवून पाहिल्या, फरक पडला नाही. पुढे ‘सरताई’ झालो आणि आता नुसता ‘सर’ आहे. ही माझी एवढ्या वर्षांतली एकमेव बढती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बालवाडीत गाणी म्हणायची, मुलांची नाकं पुसायची आणि बारा वाजता घरी जायचं. नाकं पुसावी लागतात हे खरं. पण खरं काम वेगळं असतं. मुलांसमोर एखादी वस्तू ठेवायची, एक प्रश्न विचारायचा आणि मग तोंड बंद ठेवायचं. सुनंदाताईंना हे जमतं. गेली पंचवीस वर्षं त्या दर डिसेंबरात ‘ऊन आणि सावली’ हा विषय घेतात. सामान फार लागत नाही. एक टॉर्च, एक पांढरी चादर, पिठाची चाळणी, स्टीलचा पेला, रंगीत जिलेटिनचे तुकडे. मुलांना उन्हात सोडायचं आणि विचारायचं, “तुझ्या सावलीपासून तुला पळता येतं का?” मग त्या स्वतः पायरीवर बसतात, हात मांडीवर. मुलं पळतात, वळून बघतात, एकमेकांच्या सावलीच्या डोक्यावर पाय देतात, भांडतात. एका वर्षी एका मुलाने आपली सावली दप्तरात भरायचा प्रयत्न केला होता. दप्तर उघडं धरून तो सावलीवर ठेवायचा आणि झटकन चेन लावायचा. एका मुलीने फरशी गार आहे म्हणून आपल्या सावलीच्या पायांवर रुमाल पसरला होता. सुनंदाताई दोन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. मी दोन्ही वेळा समजावून सांगायला उठलो होतो आणि त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं होतं.

एका वडलांनी पालकसभेत विचारलं होतं की सावलीचा पोर्शन किती मार्कांना आहे. तेव्हा सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तो प्रश्न माझ्याही मनात होता. इतक्या वर्षांत सुनंदाताईंनी सावलीचा एक आकडासुद्धा कागदावर लिहिला नव्हता. मुलं काय शिकली याची नोंद काय? तपासणीला कुणी आलं तर दाखवायचं काय?

गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, ताई, एक दिवस मला द्या. प्रत्येक मुलाची सावली मोजू. त्या म्हणाल्या, “घ्या. पण मुलांना फार वेळ उभं करू नका.”

मी तयारी चोख केली. कारखान्यात वर्षअखेर मालाची मोजणी करायचो, त्या पद्धतीने. त्या मोजणीचे दोन नियम असतात. पहिला, रॅक नंबर एकपासून सुरुवात करून ओळीने शेवटपर्यंत जायचं, मध्ये उड्या मारायच्या नाहीत. दुसरा, मोजणी चालू असताना माल हलू द्यायचा नाही. मी पाच मीटरची टेप आणली. बिलाच्या मशिनला लागतो तो कागदाचा रोल आणला, म्हणजे प्रत्येकाच्या सावलीइतकी लांब पट्टी कापून वर नाव लिहिता येईल. आमच्या अंगणासमोरचा प्लॉट मोकळा आहे, त्यामुळे ऊन लवकर येतं आणि लांबपर्यंत पसरतं. आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी हजेरीपट उघडला आणि नंबर एकला हाक मारली.

नंबर एक म्हणजे अद्वैत. आमचा हजेरीपट प्रवेशाच्या क्रमाने असतो. अद्वैतच्या आईने जानेवारीतच प्रवेश घेऊन ठेवला होता. आरोग्यकार्डावर त्याची उंची एकशे चार, वर्गात सगळ्यांत बुटका. सावली भरली दोनशे शहात्तर सेंटिमीटर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टी कापली, नाव घातलं, नंबर दोनला हाक मारली.

एका मुलामागे चार मिनिटं लागत होती. कुणी वाकायचं, कुणाला शी लागायची, कुणी टेप गिळायला बघायचं. नंबर सव्वीस आला तेव्हा दहा वाजून गेले होते.

नंबर सव्वीस ईश्वरी. तिचे वडील पिशोरचे, घरी शेती. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागले आणि ऑगस्टमध्ये बिऱ्हाड शहरात आलं, म्हणून तिचं नाव पटावर शेवटी. उंची एकशे चौदा, वर्गात सगळ्यांत उंच. बोलायची कमी, पण सांगितलेलं ऐकायची. ती खुणेवर पाय जुळवून उभी राहिली. मी मोजलं, एकशे सत्तेचाळीस. हे काही बरोबर वाटेना. मी म्हटलं, हलू नकोस. पुन्हा मोजलं, एकशे सेहेचाळीस. मी जरा आवाज चढवून म्हणालो, “ईश्वरी, सांगितलं ना, हलू नको.” तिने दोन्ही हात फ्रॉकला घट्ट चिकटवले, श्वाससुद्धा धरला. तिसऱ्यांदा एकशे पंचेचाळीस. शेवटचा आकडा धरायचा हा नियम असल्यामुळे मी एकशे पंचेचाळीस लिहिलं आणि बाजूला बरोबरची खूण केली.

वाचकांच्या लक्षात एव्हाना सगळं आलं असेल. माझ्या नाही आलं. सगळ्यांत बुटक्या मुलाची सावली सगळ्यांत लांब, सगळ्यांत उंच मुलीची सगळ्यांत आखूड, आणि मधल्या चोवीस जणांची उतरत्या क्रमाने, हजेरीपटाच्या ओळीत. कारखान्यात स्क्रूच्या मोजणीत असा नमुना दिसला असता तर मी स्टोअरकीपरला रात्रभर झोपू दिलं नसतं. इथे मला तो क्रम फार सुबक वाटला. मुलं मी हलू दिली नाहीत. सूर्याला सांगायचं राहिलं.

पट्ट्या मी व्हरांड्याच्या भिंतीवर लावल्या, वरून खाली लोंबणाऱ्या. छताला पुरेना म्हणून अद्वैतच्या पट्टीचं टोक जमिनीवर लोळत होतं. ईश्वरीची माझ्या छातीपाशीच संपत होती. पाच वर्षांच्या मुलांना आकडे वाचता येत नाहीत, पण लांब आणि आखूड कळतं. सुटायच्या आत सगळ्यांना पाठ झालं होतं की अद्वैतची सावली पहिली आणि ईश्वरीची संपत आलेली. ‘संपत आलेली’ हा शब्द मुलांचाच. अद्वैतच्या आईने पट्टीशेजारी त्याला उभा करून फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी त्याला अंगठा दिला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “पोरांच्या सावल्यांचंसुद्धा स्टॉकटेकिंग केलं तुम्ही?” मी ते कौतुक समजलो.

बुधवारी मुलं उन्हात खेळायला गेली, ईश्वरी गेली नाही. ती व्हरांड्यात बसली, छपराच्या सावलीच्या आत. ऊन जसं पुढे येत होतं तशी ती बसल्या बसल्या मागे सरकत होती, दर थोड्या वेळाने वीतभर, बरोबर रेघेच्या आत. माझ्या रजिस्टरात त्या दिवशीची नोंद आहे: ‘उन्हात येण्यास नकार.’ उन्हाची रेघ सरकते आहे हे माझ्या वर्गातलं एक मूल तासभर टाचेने मोजत होतं, आणि मी त्याला नकार असं लिहिलं.

सुनंदाताईंनी मला विचारलं, त्या पट्ट्या काढायच्या का? मी म्हटलं, आकडे तीनदा तपासलेत.

गुरुवारी ईश्वरी आली नाही. शुक्रवारी आली ती आई आणि आजोबांबरोबर. आजोबा आदल्या दिवशीच पिशोरहून आले होते, डोक्याला पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पोरगी त्यांच्या मागे, धोतराचा सोगा धरून. सगळे त्यांना आबा म्हणतात, पुढे मीही म्हणू लागलो.

मला वाटलं, सावली घटली म्हणून घरात काही शंकाकुशंका निघाली असणार. मी मनात एक छोटंसं भाषण जुळवलं, अंधश्रद्धेवर. आबांनी ते करू दिलं नाही. ते सरळ भिंतीपाशी गेले आणि पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सावकाश चालत गेले.

“सर, ह्या पहिल्या पोराचं माप कवा घेतलं?”

मी सांगितलं, आठ चाळीसला.

“अन् आमच्या हिचं?”

दहा पंचवीसला, असं म्हणेपर्यंत माझे कान तापले होते. मला कळलं. पंधरा पावलांचं अंतर होतं त्या दोन पट्ट्यांत, आणि माझी एकोणीस वर्षांची नोकरी त्यात पडली.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “आमच्या बांधावरच्या बाभळीची सावली सकाळच्याला पार शेजाऱ्याच्या वावरात जाते. दुपारी बुडाशी येऊन बसते. म्हनून बाभळ काय लहान होत नाय. तुम्ही शिकलेले, तुम्हाला म्या काय सांगावं.”

मी म्हटलं, आबा, चूक माझी आहे, मी ईश्वरीला समजावतो.

“समजावून झालं वं. म्या काल तिला बाभळीचं सांगितलं. तर म्हनती, आबा, तुमी मोजली का? सरांनी तीनदा मोजली.”

आकड्यांवर माणसाने विश्वास ठेवावा म्हणून मी जन्मभर लोकांच्या मागे लागलो. पहिल्यांदा कुणी ठेवला तर तो असा.

आबांनी पुढचं शांतपणे सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकराच्या गाडीने परत जाणार होते. पोरगी येते म्हणाली तर घेऊन जाणार होते. गावात अंगणवाडी घरासमोरच आहे, आणि तिच्या बापालाही वाटत होतं की पोर रडत शाळेत नको. ईश्वरीची आई दारात उभी होती. घरी शिवणकाम करून ती फीचा अर्धा वाटा भरते, हे मला पावत्यांमुळे ठाऊक होतं. निघताना म्हणाली, “सर, मला तिला इथंच शिकवायचं हाय. ती तिकडं गेली की परत येत नाय, मला म्हाईत हाय. कायतरी करा.”

मी ईश्वरीसमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, काय झालं बाळा? तिने माझ्या टेपकडे पाहिलं. टेप तेव्हाही माझ्या खिशाला लावलेली होती. मग म्हणाली, “मी नव्हते हलले.”

एवढंच. सावली आखूड निघाली हे तिचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे होतं, आणि ते तीन दिवसांत मला सोडून बाकी सगळ्यांना दिसलं असावं.

मी ताबडतोब चूक दुरुस्त करायला घेतली, म्हणजे आणखी एक चूक केली. फळ्यावर सूर्य काढला, ईश्वरी काढली, तिरपी रेघ ओढली आणि कोन समजावू लागलो. ईश्वरीने विचारलं, “ही मी हाय?” मी हो म्हटलं. तिने चित्रातल्या मुलीची सावली पाहिली. मी ती घाईत आखूड काढली होती.

सुनंदाताईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. “सर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आता आमच्या स्टोअरची खिडकी बंद करा. तेवढंच करा.”

आमची स्टोअर म्हणजे जुनी रजिस्टरं ठेवायची आठ बाय दहाची खोली. खिडकीला काळं कापड लावलं की भरदुपारी गुडुप अंधार होतो. सुनंदाताईंनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, मध्ये स्टीलचा पेला उपडा ठेवला आणि सहा-सात मुलांना आत घेतलं, अद्वैत त्यात होताच. आबा दाराशी बसले. ईश्वरी आत यायला तयार नव्हती. ताई तिला म्हणाल्या, “मला टॉर्च धरायला कुणीतरी पाहिजे. टॉर्च धरणाऱ्याची सावली पडत नाही.” ती आली.

आधी तिने टॉर्च नुसती पेल्यावर रोखली. सावली पडली. तिचा हात दुखला असेल, टॉर्च खाली आली, आणि पेल्याची सावली चादरभर लांब झाली. तिने हात झटकन वर घेतला. सावली पेल्याच्या बुडाशी जमा झाली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी बोलणार होतो, पण आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सकाळपर्यंत ओळखही नसलेल्या माणसालाही माझा दोष कळला होता.

मी मोजलं, तिने तेवीस वेळा टॉर्च खालीवर केली. मग पेल्याकडे पाठ केली आणि म्हणाली, “अद्वैत, तू हुबा राह्य.”

अद्वैत आनंदाने चादरीवर उभा राहिला. ईश्वरीने टॉर्च जमिनीलगत धरली. अद्वैतची सावली चादर ओलांडून भिंतीवर, भिंतीवरून छताला. तो ओरडला, “बघा, माझीच मोठी!” ईश्वरी खुर्चीवर चढली, हात उंच केला. सावली अद्वैतच्या चपलांएवढी उरली.

“आता तुझी संपली,” ती म्हणाली.

अद्वैतने खाली पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. मी उठायला लागलो, तर ईश्वरीच खुर्चीवरून उतरली आणि टॉर्च पुन्हा खाली धरली. “रडू नको. घे. तुझी तुला वापस.”

तो थांबला. नाक वर ओढून म्हणाला, “आता मला धरू दे.” मग त्याने धरली आणि ती उभी राहिली. चादरीवर, सगळ्यांसमोर, आपली सावली टाकून. दाराशी आबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. विचारलं, “सर, त्या दिवशी मला मोजलं तवा सूर्य कुठं होता?”

मी म्हटलं, वर. खुर्चीवर चढला होता.

“अन् अद्वैतच्या टायमाला?”

“खाली होता.”

तिने विचार केला. “मग मला उशिरा का घेतलं?”

“तुझा नंबर शेवटचा म्हणून.”

“का?”

प्रवेशाचा क्रम, रजिस्टरची पद्धत, हे सगळं मी जाणतो. पण सात वर्षांत मी शेकडो वेळा हजेरीपट वरून खाली वाचला होता. खाऊ, रंग, झोका, सगळं नंबर एकपासून. शेवटच्या मुलांपर्यंत पोचेस्तो लाल खडू संपलेले असत. खालून वर वाचता येतो हे मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, “चूक झाली. आणि तू हलली नव्हतीस. मी मोजत असताना सूर्य हलत होता.”

ती म्हणाली, “मग उद्या पुन्यांदा मोजा.” आणि आबांकडे वळून, “अकराच्या आधी.”

त्या संध्याकाळी मी त्रैराशिक मांडलं. एकशे चार सेंटिमीटरच्या अद्वैतची सावली आठ चाळीसला दोनशे शहात्तर, तर एकशे चौदाच्या ईश्वरीची किती? तीनशे अडीच. अर्धा सेंटिमीटर घेणेकऱ्याच्या बाजूने धरून तीनशे तीन. लिहिले होते एकशे पंचेचाळीस. बाकी देणे एकशे अठ्ठावन्न. बाकीच्या चोवीस मुलांचंही थोडं थोडं देणं निघत होतं. पहाटे बायकोने दिवा लागलेला पाहून विचारलं, कुणाचा हिशेब चाललाय? मी म्हटलं, ईश्वरीचा. ती म्हणाली, “मोजा, पण या वेळी घड्याळ बघून मोजा.” घरात ही अक्कल मंगळवारपासून उपलब्ध होती, मी विचारलं नव्हतं.

शनिवारी मोजणी मी केली नाही. सुनंदाताईंनी मुलांच्या तेरा जोड्या लावल्या, नंबर सव्वीसपासून सुरुवात करून, आणि अद्वैतने हट्ट धरल्यामुळे तो ईश्वरीचा जोडीदार झाला. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या टाचेशी आणि सावलीच्या डोक्याशी खडूने रेघ मारायची, मी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी एकदम. मग जोडीतल्या दोघांनी अदलाबदल करायची. माझ्याकडे फक्त शिट्टी होती. टेप मोठ्या बाईंनी ऑफिसात ठेवून घेतली होती.

आबा फाटकाशी पिशवी घेऊन उभे. पिशवीत आज दोघांचे कपडे होते. ईश्वरीची आईही होती, हातातलं शिवण तसंच घेऊन आलेली.

ईश्वरी छपराच्या सावलीच्या रेघेपाशी येऊन थांबली. एक पाय उन्हात टाकला, मागे घेतला. मी शिट्टी तोंडाला लावून उभा, घड्याळ आठ एकोणचाळीस दाखवत होतं. मिनिटाला तिचे तीन-साडेतीन सेंटिमीटर जात होते. हे मी हिशेबाने काढलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असंही ठरवलं होतं. मग ती धावत जाऊन उन्हाच्या मधोमध उभी राहिली. सावली अंगणभर गेली, तुळशीच्या कुंडीपर्यंत.

मी शिट्टी वाजवली. तेरा खडू फरशीवर टेकले.

ईश्वरीने या वेळी श्वास धरला नव्हता. ती चांगली हलत होती. हात हलवून आबांना दाखवत होती. कुणीही तिला काही म्हणालं नाही. अदलाबदल होऊन दुसरी शिट्टी झाली तेव्हा तीन मिनिटं गेली होती. दुसऱ्या फेरीतल्या मुलांचं प्रत्येकी आठ-दहा सेंटिमीटर नुकसान झालं हे मी सुनंदाताईंच्या कानाशी लागून सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, आता बस.” मला मंगळवारी पावणेदोन तास लागले होते, मुलांनी ते काम सहा मिनिटांत उरकलं. रेघा वाकड्या होत्या. एक रेघ तर शेजारच्याच्या सावलीच्या डोक्याशी मारलेली निघाली. मी ती तशीच राहू दिली. मला त्याचा अजून त्रास होतो.

खडूच्या रेघांमध्ये रोल पसरून कापलेल्या नव्या पट्ट्या जुन्यांशेजारी लागल्या. जुन्या काढायच्या नाहीत, असं अद्वैतचं म्हणणं पडलं, त्याला त्याची मंगळवारची हवी होती. ईश्वरी म्हणाली, राहू द्या, त्या वेळेला सूर्य कुठं होता ते वर काढा. म्हणून प्रत्येक पट्टीवर मुलांनी पिवळ्या खडूने सूर्य काढले, कुणाचा खाली, कुणाचा वर, एकाचा चष्मा घातलेला. सुनंदाताईंच्या पंचवीस वर्षांत सावलीची लेखी नोंद झाली ती ही.

आबांनी पिशवीतून ईश्वरीचे कपडे काढून तिच्या आईच्या हातात दिले. आईने ते शिवणासकट छातीशी धरले. निघताना आबा मला म्हणाले, “सर, उन्हाळ्यात या पिशोरला. बाभळ मोजू.” मी येतो म्हटलं. सकाळी किती वाजता येऊ, हेही विचारून घेतलं.

तेव्हापासून आमच्या वर्गात हजेरी एक दिवस वरून आणि एक दिवस खालून घेतात. मंगळवारच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात मी लाल शाईने लिहिलं आहे: ‘ईश्वरी हलली नव्हती.’ खाली माझी सही आणि सुनंदाताईंची.

टेप परत मिळाल्यावर मी नवी पट्टी मोजली; चुकती रक्कम अशी. शनिवारी आठ चाळीसला ईश्वरीची सावली तीनशे पाच सेंटिमीटर भरली. मंगळवारचे एकशे पंचेचाळीस वजा जाता तिला एकशे साठ सेंटिमीटर दिले. देणं एकशे अठ्ठावन्नच होतं. वरचे दोन परत मागितले नाहीत.